इंजिनाचा श्वास

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारीच्या इंजिनावर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे मी गृहीत धरून चाललो आहे. पण आपल्या कँटीनमध्ये जितकी चर्चा कवितेची होते, तितकीच किंबहुना अंमळ जास्तच गाड्यांची होते, हे कोण नाकारील? "फिल्टर बदलला की पिकअप वाढतो", "सायलेन्सर मोकळा केला की गाडी उडते", "टर्बो टाकला की विषय संपला" अशी विधाने तेथे रोज ऐकू येतात. त्यांत थोडे खरे असते, बरेचसे ऐकीव असते, आणि काही तर अंगाशी येणारे असते. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीची शक्ती वाढवावयाची झाल्यास पैसा नेमका कोठे घालावा, एवढ्या एकाच प्रश्नाचा मला येथे विचार करावयाचा आहे. माझे मामा कोल्हापुरात गॅरेज चालवतात. सुट्ट्यांत तेथे बसून ऐकलेले, पाहिलेले आणि नंतर पुस्तकांत पडताळलेले, एवढाच या विषयातला माझा अधिकार.

एका कोड्यापासून सुरुवात करतो. आपल्या वडिलधाऱ्यांच्या आठवणीतील अँबॅसिडर सर्वांना ठाऊक आहे. ती २०१४ साली बंद झाली. १९५९ पासून पुढे बराच काळ तिच्यात १,४८९ घन सेंटिमीटरचे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील इंजिन होते. त्याची शक्ती सुमारे ५५ अश्वशक्ती. आता इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी चला. तेथील एम.जी.च्या कारखान्याने १९५५ साली 'एम.जी.ए.' नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची देखणी गाडी बाजारात आणली. तिचे इंजिन कोणते? तेच! 'बी' मालिकेचे, तेवढ्याच १,४८९ घन सेंटिमीटरचे. मात्र ते आरंभी ६८ आणि थोड्याच काळात ७२ अश्वशक्ती देऊ लागले. सिलिंडर तेवढेच आणि पेट्रोलही तेच असताना शक्ती जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढली. ही वाढ आली कोठून?

उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर, हवेतून. आपली सर्वांची समजूत अशी असते की गाडी पेट्रोलवर चालते. वास्तविक पेट्रोल ही सोपी बाब आहे; हवे तितके सोडता येते. अवघड आहे ती हवा. एक भाग पेट्रोल पूर्ण जाळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी नऊ हजार लिटरांहून थोडी अधिक हवा इंजिनाने ओढून घ्यावी लागते. दहा फूट लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच खोलीतील हवेचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. लोहाराचा भाता जितका दमदार, तितकाच निखारा फुलतो. कोळसा नुसता ओतून भागत नाही. इंजिन हा असा भाता आहे की जो स्वतःच निखाराही आहे.

या भात्याला वेळ किती मिळतो तेही पाहू. मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर एम.जी.ए.चे इंजिन पूर्ण शक्ती देत असे. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतो. म्हणजे मिनिटाला २,७५० श्वास, आणि एका श्वासाला सेकंदाचा सुमारे १८०वा भाग. तेवढ्यात फिल्टर, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, पोर्ट आणि व्हॉल्व्ह ओलांडून हवा आत भरावयाची असते. प्रत्येक श्वास पूर्ण भरला तर मिनिटाला चार हजार लिटरांहून अधिक हवा जाईल. प्रत्यक्षात तो पूर्ण कधीच भरत नाही. जितका वेग जास्त तितका श्वास अपुरा, आणि एका मर्यादेनंतर फेऱ्या वाढल्या तरी शक्ती उतरू लागते. अँबॅसिडरच्या इंजिनात ही मर्यादा साडेचार हजारांच्या आतच येई, एम.जी.ए.त ती हजारभर फेऱ्यांनी पुढे ढकलली होती.

ती कशी ढकलली? एका कार्ब्युरेटरच्या जागी दीड इंची दोन एस.यू. कार्ब्युरेटर आले. आतील मिश्रण दाबण्याचे प्रमाण ७ च्या थोडे वर होते, ते ८.३ झाले. व्हॉल्व्ह किती वेळ उघडे राहावेत हे ठरवणारा कॅमशाफ्ट बदलला आणि धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी झाली. यांतील एकही गोष्ट एकटीने पुरी पडली नसती, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. हवेची वाट म्हणजे एकापुढे एक दरवाजे असलेली माजघराची ओळ. गर्दी किती वेगाने सरकणार हे सर्वांत अरुंद दरवाजा ठरवतो. बाहेरचा दरवाजा दुप्पट रुंद केला आणि आतला तसाच अरुंद राहिला, तर खर्च झाला आणि फायदा शून्य.

'बी' मालिकेतील अरुंद दरवाजा इंजिनाच्या माथ्यात, म्हणजे हेडमध्ये होता. चार सिलिंडरांना हवा आत घेण्याचे पोर्ट दोनच; दोन-दोन शेजाऱ्यांत एक सामाईक. धूर बाहेर सोडावयास तीन, पैकी मधला सामाईक. वाड्यातल्या सामाईक नळासारखाच हा प्रकार. शेजारी आधी पाणी भरून गेला की दुसऱ्याच्या वाट्याला धार बारीक. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ होती खरी, पण मोकळी नव्हती. या इंजिनातील ज्वलनकक्षाचा आकार मात्र हॅरी वेस्लेक या इंग्रज तंत्रज्ञाच्या विचारातून आलेला होता. इंजिनाचे हेड मेजावर ठेवून त्यातून हवा फुंकायची आणि ती किती वाहते हे प्रत्यक्ष मोजायचे, अशी वेस्लेकची पद्धत. आपल्याकडे हेड 'पोर्ट' करणारे कारागीर पुष्कळ आहेत, पण मोजणारे थोडे.

न मोजता केलेल्या कामाचा एक नमुना सांगतो. पोर्ट आतून घासून आरशासारखा चकचकीत करून देतात, आणि मालक त्यात आपला चेहरा पाहून खूश होतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत या चकाकीचा उपयोग नाही. उलट गुळगुळीत भिंतीला पेट्रोलचे थेंब पातळ थर होऊन चिकटतात. किंचित खरखरीत पृष्ठभाग बरा. पोर्ट सरसकट मोठा करणे तर त्याहून वाईट. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाण्याची धार लांब जाते, हे आपण अंगणात झाडांना पाणी घालताना पाहतो. पोर्ट फार रुंद झाला की कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मरतो, पेट्रोल हवेत नीट मिसळत नाही आणि गाडी चढावर गचके खाते. खरा फायदा व्हॉल्व्हच्या बैठकीजवळच्या बोटभर जागेत असतो. हवेला वळण घेऊन गोल फटीतून तेथेच आत शिरावयाचे असते. साधी भूमिती आहे: व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या एक-चतुर्थांश इतका उचलला गेला की त्याच्या भोवतालच्या फटीचे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाइतके होते. त्याच्या अलीकडे ती फट हीच अडचण. म्हणून जाणकार माणूस बैठकीचे कोन, तिच्याखालचा गळा आणि कडा यांवर वेळ घालवतो, आणि दिसणाऱ्या भागाला फारसा हात लावत नाही.

फिल्टर आणि सायलेन्सर यांविषयी थोडक्यात. गरम हवा विरळ असते. बाहेर ३० अंश असताना बॉनेटखाली सहज ६० अंश होतात, आणि त्या हवेत सुमारे नऊ टक्के माल कमी असतो. तेव्हा मूळ डबा काढून इंजिनाच्या कुशीत भोंग्यासारखा उघडा फिल्टर बसवणारा मनुष्य पैसे देऊन गरम हवा विकत घेतो. आवाज मात्र छान येतो! सायलेन्सरचेही तेच. धुराच्या पाइपांची लांबी आणि ते जेथे एकत्र येतात ती जागा नीट साधली, तर एका सिलिंडरच्या धुराचा झोत दुसऱ्याला ओढून नेतो. हे खरे शास्त्र आहे. सायलेन्सर पोकळ करणे हे शास्त्र नव्हे. त्याने गल्लीतील तान्ही मुले तेवढी जागी होतात. शिवाय हवा वाढली की पेट्रोलचे प्रमाणही पुन्हा जुळवावे लागते. एस.यू. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीने एक पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकून पेट्रोलची वाट उघडते. म्हणून तेथे फिल्टर बदलला की सुईही बदलावी लागते. आजच्या गाड्यांत हे काम संगणक करतो, आणि त्याला नवे कोष्टक शिकवण्याला रिमॅप म्हणतात. पण आजच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा श्वास कारखान्यातच इतका मोकळा केलेला असतो की नुसत्या फिल्टरने आणि रिमॅपने मिळणारी भर हाताला जाणवेल इतकी क्वचितच असते.

आता कॅमशाफ्टकडे वळतो, कारण रस्त्यावरची गाडी आणि शर्यतीची गाडी यांची वाट येथेच फुटते. हवेलाही वजन आहे. एकदा धावू लागली की ती चटकन थांबत नाही. त्यामुळे पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागला तरी व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा ठेवतात. धावती हवा आपल्याच जोराने आत येत राहते. जास्त फेऱ्यांवर हा उशीर फार फायद्याचा. पण कमी फेऱ्यांवर हवेला तेवढा जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन आत आलेलीच हवा पुन्हा बाहेर ढकलतो. शर्यतीचा कॅम लावलेली गाडी सिग्नलला उभी असताना धडधडते, थरथरते, मध्येच बंद पडते, ते यामुळे. तिच्या मालकाला ती धडधड पराक्रमाची खूण वाटते. शर्यतीच्या मैदानात इंजिन पाच हजारांच्या खाली सहसा येत नाही. आपण मात्र कोल्हापुरात ताराराणी चौकातून किंवा पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून जातो, तेव्हा काटा दीड ते तीन हजारांत खेळत असतो. घाटात ओव्हरटेक करताना तो चार हजारांपर्यंत गेला तर फार. साडेसहा हजारांवर मिळणारी वीस अश्वशक्ती दोन हजारांवरचा जोर विकून घेतली असेल, तर वर्षातून किती वेळा ती आपल्या वाट्याला येणार? कागदावर अश्वशक्तीचा एकच मोठा आकडा छापलेला असतो आणि आपण तोच पाहतो. रस्त्याच्या गाडीसाठी मी तरी कॅमशाफ्ट मूळचाच ठेवीन, किंवा त्याच्या लगतची एक सौम्य पायरी घेईन.

हे सर्व करण्याआधीची एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण आपली पंधरा वर्षांची छोटी गाडी घेऊन मामांकडे आला. म्हणाला, "काका, गाडीत दम नाही. टर्बो बसवता येईल का?" मामा म्हणाले, "टर्बोचं नंतर बघू. आधी आहे तो दम कुठं गेलाय ते बघू." त्यांनी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडरांत काटा १७०च्या आसपास थांबला, चौथ्यात ११०वर. हेड उतरवले, तर धुराच्या व्हॉल्व्हची कड जळून खाच पडलेली. नवा व्हॉल्व्ह, बैठकींचे ग्राइंडिंग, गॅस्केट, प्लग आणि टॅपेट, एवढ्यावर काम झाले. गाडी घेऊन तो शाहूवाडीच्या रस्त्याने एक फेरी मारून आला आणि त्याने टर्बोचे नाव पुन्हा काढले नाही. कारखान्याने दिलेली शक्तीच हरवलेली असताना तिच्यावर नवी चढवणे म्हणजे गळक्या हंड्यात आणखी पाणी ओतणे. त्या गाडीवर खरोखरच टर्बो बसला असता, तर तो जळका व्हॉल्व्ह महिनाभरही तगला नसता.

येथे पुन्हा अ‍ॅबिंग्डनला जावे लागेल, कारण जास्तीची हाव काय करते याचे उदाहरणही एम.जी.ए.नेच घालून दिले आहे. १९५८ साली कारखान्याने तिची 'ट्विन कॅम' आवृत्ती काढली. इंजिन १,५८८ घन सेंटिमीटर, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, मिश्रण दाबण्याचे प्रमाण ९.९, शक्ती १०८ अश्वशक्ती. सामाईक पोर्टांची अडचण दूर झाली आणि श्वास खरोखर मोकळा झाला. पण इतक्या दाबाला पेट्रोल उत्तम प्रतीचे आणि ठिणगीची वेळ अगदी काटेकोर लागे. त्यात थोडेही चुकले की मिश्रण आपसूक पेटे. इंजिन ठोके देऊ लागे, आणि पिस्टनला भोके पडत. काही विशिष्ट फेऱ्यांवर कार्ब्युरेटर थरथरून मिश्रण पातळ होत असे, हेही एक कारण पुढे सांगितले गेले. कारखान्याने दाब कमी करून ८.३ केला, शक्ती शंभरच्या आसपास उतरवली. पण नाव गेले ते गेले. १९६० साली ती गाडी बंद झाली, तोवर अवघ्या २,१११ बनल्या होत्या. साध्या, सामाईक पोर्टांच्या इंजिनाची एम.जी.ए. मात्र चालत राहिली. त्याच इंजिनाला थोडे थोडे मोठे करत १९६२च्या एम.जी.बी.मध्ये कारखान्याने १,७९८ घन सेंटिमीटरांतून ९५ अश्वशक्ती काढली, आणि तीही कटकटीविना.

हा इतिहास आज शिळा झाला आहे असे मानू नका. २०२५ पर्यंत आपल्याकडील पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास आले. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते. म्हणून या मिश्रणाचे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. संगणक असलेली गाडी बऱ्याच अंशी सांभाळून घेते. जुन्या कार्ब्युरेटरला यातले काही कळत नाही. त्याच सुईने, त्याच जेटने मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ जाते. इथेनॉल ठोक्यांना आळा घालते हे खरे. पण हेड घासून दाब वाढवलेल्या, हवा वाढवलेल्या जुन्या इंजिनात जेट बदलला नाही, तर ट्विन कॅमच्या पिस्टनांची आठवण ठेवावी.

राहिला टर्बो. आतापर्यंतचे सगळे उपाय हवेची वाट मोकळी करण्याचे होते. टर्बो हवा कोंबतो. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि दुसऱ्या टोकाचा पंखा हवा दाबतो. कल्पना सुरेख आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा सुमारे एक-अष्टमांशाने विरळ असते आणि साधे इंजिन तेथे धापा टाकते. टर्बोची गाडी ती उणीव बरीचशी भरून काढते. पण सायकलच्या पंपाचे टोक गरम होते तशी दाबलेली हवाही तापते. वातावरणाच्या निम्म्या दाबाची भर घातली, तर ३० अंशांची हवा ८० अंशांच्या घरात जाते. मग दाब ५० टक्के वाढूनही प्रत्यक्ष हवेचे वजन तीस टक्क्यांच्या आतच वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ४५ अंशांवर आणली, तर वाढ चाळीस टक्क्यांवर जाते. म्हणजे टर्बो एकटा येत नाही. त्याच्यामागून इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, नवे कोष्टक, तेलाची वेगळी नळी, दणकट क्लच असे सारे वऱ्हाड येते, आणि त्या सगळ्यांचे मानपान करावे लागते. टाटांनी कोईमतूरच्या जयेम कंपनीबरोबर २०१८ साली 'टियागो जेटीपी' काढली, तेव्हा साध्या टियागोच्या सुमारे ८५ अश्वशक्तीच्या जागी १.२ लिटरचेच टर्बो इंजिन बसवून ११४च्या आसपास नेली. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी सस्पेन्शन खाली घेतले, चाके व टायर मोठे केले. कारखान्याला जे आवश्यक वाटले, ते गल्लीतल्या कारागिराला अनावश्यक का वाटावे?

ब्रेकविषयीही हेच म्हणता येईल. ७२ अश्वशक्तीच्या एम.जी.ए.ला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. १९५९ साली शक्ती ८०च्या आसपास गेली, तेव्हा पुढे डिस्क आले. १०८च्या ट्विन कॅमला चारही डिस्क. शक्तीमागून ब्रेक वाढत गेले आहेत. ताशी ८० किलोमीटरच्या ऐवजी १०० वेगाने धावणारी गाडी थांबवताना दीडपटीहून अधिक ऊर्जा ब्रेकांना पचवावी लागते. आणि गंमत अशी की शक्तीची भर कमाल वेगात फारशी दिसत नाही. हवेचा अडथळा इतक्या झपाट्याने वाढतो की २० टक्के जादा शक्तीने कमाल वेग जेमतेम सहा टक्क्यांनी वाढतो. फायदा दिसतो तो वेग घेण्यात, आणि वेग घेणारा मनुष्य एका वळणावर तो कमी करणारच असतो. माझ्या हाती ठरावीक रक्कम असेल, तर पहिला वाटा इंजिनाच्या दुरुस्तीला, दुसरा टायर व ब्रेक यांना, तिसरा व्हॉल्व्हच्या बैठकी व थंड हवेच्या नळीला; आणि उरलेच तर पुढचे बघेन.

कायद्याचा विचारही निवडीतच धरला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, कारखान्याने ठरवलेला नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसा निर्वाळाही दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनीही हाच मुद्दा पुढे करू शकते. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, ट्यूनिंग, मूळ मापाचा नवा फिल्टर, चांगले ब्रेक पॅड यांना कोणाची हरकत नाही. ज्यांना धडधडणारा कॅम आणि मोठा टर्बो हवाच आहे, त्यांच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोईमतूरला कारी हे शर्यतीचे ट्रॅक आहेत. मात्र तेथवर ती गाडी चालवत न नेता ट्रेलरवर घालून न्यावी लागते, आणि त्या भाड्याचा हिशेबही टर्बोच्या किमतीतच धरलेला बरा.